ऑगस्टमध्ये अंडी पांढरी पडू लागली तर : नर माशांच्या मिल्टची हंगामी तपासणी

लक्षणे

मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत सोडलेल्या रोहूच्या जोड्यांची शंभरातली पंचाऐंशी-नव्वद अंडी फलित होतात. त्याच कुंडात, अंडी सोडवण्यासाठी दिलेल्या त्याच संप्रेरकाच्या इंजेक्शनवर, आश्लेषा आणि मघा नक्षत्रांत सोडलेल्या जोड्यांची मात्र निम्मीसुद्धा होत नाहीत. हुक्केरी, चिकोडी, निपाणी, बेळगाव आणि खानापूर या पट्ट्यातील लहान मत्स्यबीज केंद्रांवर हा बिघाड पुन्हापुन्हा उद्भवतो. माझ्या स्वतःच्या केंद्रावर तो सलग तीन हंगाम आला, आणि त्यानंतर ओळखीच्या केंद्रांवर तो निस्तरण्यासाठी मी इतक्या वेळा गेलो आहे की फोनवरची पहिली दोन वाक्ये ऐकली तरी पुढचे काय असणार याचा अंदाज येतो. दोष बहुधा मादीला किंवा इंजेक्शनला दिला जातो. नराकडे, त्याच्या मिल्टकडे (शुक्राणू असलेल्या पांढऱ्या द्रवाकडे) कोणी पाहत नाही.

पुढील खुणा एकत्र दिसल्या तर संशय नरावर घ्यावा.

– मादीने अंडी पूर्ण सोडली आहेत, तिचे पोट रिकामे झाले आहे, अंडी पाण्यात नीट फुगली आहेत, आणि तरीही चार-पाच तासांत बहुतेक अंडी दुधासारखी पांढरी पडली आहेत.
– नराच्या पोटावर हलका दाब दिल्यास दाट पांढऱ्या द्रवाऐवजी पातळ, निळसर झाक असलेले पाणी येते, किंवा थेंब येण्यासाठी जोर लावावा लागतो.
– बिघाड कटल्यापासून सुरू होतो, मग रोहूत दिसतो, आणि मृगळ सर्वांत शेवटी बिघडतो.
– एका खेपेत फलन चांगले, दुसऱ्या खेपेत वाईट, आणि दोन्ही खेपांमध्ये नर तेच.

याउलट, मादीने अंडी अर्धवटच सोडली असतील किंवा ती गुठळीने बाहेर पडली असतील, तर दोष मादीच्या पक्वतेचा किंवा डोसचा असतो. अंडी पारदर्शक राहून आत गर्भ दिसू लागला आणि आठ-दहा तासांनंतर तो मेला, तर प्राणवायू, तापमान किंवा उबवण कुंडातील पाण्याचा प्रवाह तपासावा. त्या दोन्ही बिघाडांत हा लेख उपयोगाचा नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी मी स्वतः एक अख्खा हंगाम वाया घालवला. अंडे फुगले म्हणजे ते फलित झाले, असे नाही. रोहूचे अंडे मादीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा दीड मिलिमीटरहूनही लहान असते. पाण्याचा स्पर्श होताच ते पाणी शोषून चार-पाच मिलिमीटरपर्यंत फुगते, आणि शुक्राणू आत गेला नाही तरीही ते तसेच फुगते. पहिले दोन-तीन तास फलित न झालेले अंडेही स्वच्छ, काचेच्या मण्यासारखे दिसते. म्हणून मोजणी घाईने करू नये. अंडी सोडल्यानंतर सुमारे पाच तासांनी पांढऱ्या ताटलीत दोनशे अंडी घ्यावीत, पारदर्शक किती आणि पांढरी किती हे मोजावे, आणि कुंडाच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून असे नमुने घेऊन सरासरी काढावी. हा आकडा हाती नसेल तर पुढची कोणतीही तपासणी अंधारात हात घालण्यासारखी आहे.

नराचा द्रव ऋतूप्रमाणे का बदलतो

कार्प माशांचे, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांच्या कुळातील माशांचे, वृषण वर्षभर सारखे काम करत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी ते जवळजवळ निद्रिस्त असते. डिसेंबरअखेरपासून दिवस मोठा होऊ लागतो, फेब्रुवारीपासून पाणी तापू लागते, मेंदूखालची पीयूष ग्रंथी संप्रेरके सोडू लागते आणि वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुरुवात होते. एप्रिल-मेमध्ये हे काम वेगाने चालते, जून ते ऑगस्ट हा भरतीचा काळ, आणि सप्टेंबरनंतर उरलेले शुक्राणू शरीरातच जिरू लागतात. हंगामाच्या अगदी सुरुवातीला मिल्ट थोडा आणि कच्चा असतो, मध्यावर दाट आणि जोमदार असतो, आणि शेवटी तो पातळ होतो, कारण प्रत्येक मिलिलिटरमधील शुक्राणूंची संख्या घटलेली असते आणि जे उरतात ते बरेच दिवस साठून जुने झालेले असतात.

आमच्याकडील जुनी माणसे म्हणतात की पाऊस पडला की मासा पिकतो. हे अर्धेच खरे आहे. पाऊस, नवे पाणी आणि प्रवाह यांमुळे मासा अंडी सोडण्यास प्रवृत्त होतो; मिल्ट पिकण्याचे काम मात्र उन्हाळ्यानेच केलेले असते. पाऊस दार उघडतो, पण घरात धान्य आहे की नाही हे फाल्गुन-चैत्रातच ठरलेले असते.

दुसरी गोष्ट शुक्राणूच्या आयुष्याची. नराच्या शरीरात असताना गोड्या पाण्यातील माशाचा शुक्राणू हलत नाही. कार्पच्या बाबतीत मिल्टमधील क्षारांची तीव्रता त्याला स्थिर ठेवते, आणि पाण्यात पडल्यावर ती तीव्रता एकदम उतरली की तो पोहू लागतो. पोहण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याने आधीच साठवून ठेवलेली असते. ती संपताना नवी तितक्या वेगाने तयार होत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो जोरात धावतो, मिनिटभरात मंदावतो आणि दोन मिनिटांच्या आत बहुतेक शुक्राणू थांबतात. अंड्यावर आत शिरण्यासाठी एकच सूक्ष्म छिद्र असते आणि पाण्यात पडल्यावर तेही मिनिटाभरात बंद होते. हाडांच्या माशांच्या शुक्राणूला अंड्याचे कवच भेदण्याचे साधनच नसते, त्यामुळे ते छिद्र वेळेत सापडले नाही तर दुसरा मार्ग नाही. साठवलेली ऊर्जा थोडी कमी असली तरी एवढ्याशा अवधीत तिचा परिणाम लगेच दिसतो, आणि हंगामाच्या शेवटी नेमकी तीच कमी असते.

पहिली तपासणी : वही आणि थर्मामीटर

खर्च जवळजवळ शून्य. प्रत्येक खेपेची तारीख, इंजेक्शनची वेळ, अंडी सोडण्याची वेळ, फलनाचा आकडा, कोणते नर वापरले, आणि प्रजनक तळे (पैदाशीसाठी पाळलेल्या माशांचे तळे) व प्रजनन कुंड या दोन्ही ठिकाणचे पहाटेचे आणि दुपारचे पाण्याचे तापमान वहीत लिहावे. ज्यांच्याकडे मागील वर्षाची वही असते त्यांचे निदान बहुधा याच पायरीवर होते.

याचे कारण आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या भूगोलात आहे. भारतात कार्पच्या प्रेरित (इंजेक्शन देऊन घडवलेल्या) प्रजननाचा पहिला यशस्वी प्रयोग हिरालाल चौधरी यांनी ओडिशात १० जुलै १९५७ रोजी केला, आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर छापली गेलेली बहुतेक वेळापत्रके ओडिशा आणि बंगालच्या सखल, दमट प्रदेशावर बेतलेली आहेत. तिकडे जुलै-ऑगस्टमध्येही पाणी ऊबदार असते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि येथे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल तापमानच २५-२६ अंशांच्या आसपास घुटमळते, रात्री ते २० अंशांपर्यंत उतरते. कार्पच्या प्रजननासाठी पाणी २७ ते ३१ अंश असावे लागते. पुस्तकात ज्याला ऐन हंगाम म्हटले आहे, त्याच आठवड्यांत आपले तळे त्या मर्यादेच्या खाली गेलेले असते.

जिल्हाही एकसारखा नाही. खानापुरात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तर अथणी-रायबागकडे त्याच आठवड्यात ऊन पडलेले असते आणि पाणी तीन-चार अंशांनी गरम असते. तिकडचा त्रास उलट असतो: मे महिन्यात उथळ तळ्यातील पाणी बरेच दिवस ३३ अंशांच्या वर राहिले, तर मिल्ट हंगाम सुरू होण्याआधीच बिघडतो. तापमान शुक्राणूच्या हालचालीवरही थेट काम करते. गरम पाण्यात तो वेगाने पोहतो पण लवकर थकतो. थंड पाण्यात हळू पोहतो, जास्त वेळ टिकतो, पण तेवढ्या वेळात अंड्याचे छिद्र बंद झालेले असते. म्हणून शेजारच्या तालुक्यातील मित्राचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये.

वहीत थंड पाणी आणि कमी फलन यांची जोडी स्पष्ट दिसली, तर उपाय स्वस्त आहे. कटला आणि रोहूच्या खेपांचा मोठा भाग रोहिणी नक्षत्राच्या उत्तरार्धापासून पुनर्वसूपर्यंत, म्हणजे जूनच्या आरंभापासून जुलैच्या मध्यापर्यंत, उरकून घ्यावा. उंचावरील टाकी पहाटे बोअरच्या पाण्याने भरण्याऐवजी दुपारी तळ्याच्या वरच्या थरातील पाणी बारीक जाळीतून गाळून भरावी, आणि प्रजनन कुंडावर रात्री प्लास्टिकचे छत घालावे. कुंडातील प्रवाह किंवा फवारा मात्र उष्णता वाचवण्यासाठी बंद करू नये. प्राणवायू घटला तर मिळालेल्या दोन अंशांचा काही उपयोग होत नाही. मी स्वतः मघा नक्षत्रानंतर कटल्याचे प्रजनन करतच नाही. तेवढ्या दिवसांत लागणारे मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) मी जिल्ह्याच्या पूर्व भागातून विकत आणतो आणि ते अधिक परवडते.

दुसरी तपासणी : नर हातात घेऊन

छातीच्या परांची वरची बाजू बोटाने चाचपून पाहावी. पक्व नराची ती खरखरीत लागते, मादीची गुळगुळीत. मग नराला ओल्या स्पंजवर आडवे धरून, पोटाकडून शेपटीच्या दिशेने अंगठ्याने एकदाच हलका दाब द्यावा. चांगला नर एवढ्यानेच सायीसारखा दाट थेंब देतो. दोन-तीनदा जोर लावल्यानंतर जे येते ते मोजू नये, कारण जोराने दाबल्यास मूत्र, विष्ठा आणि कधी रक्तही त्यात मिसळते.

मूत्राचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कार्पच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. मूत्र पातळ असल्यामुळे त्याच्या स्पर्शानेच शुक्राणू पोहू लागतात आणि अंड्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची शक्ती संपते. गवत्या आणि चंदेरा या माशांची अंडी आपण हाताने पिळून काढतो, तेथे हा दोष सर्वाधिक आढळतो. म्हणून पिळण्यापूर्वी पोट आणि गुदद्वार कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, पहिला थेंब टाकून द्यावा, आणि भांडे, हात व अंडी-मिल्ट ढवळण्याचे पीस पूर्ण कोरडे ठेवावे. पावसात उघड्यावर पिळण्याचे काम करणारी केंद्रे मी पाहिली आहेत; माशाच्या अंगावरून ओघळणारा एक थेंब भांड्यात पडला की त्या नराचा मिल्ट गेलाच म्हणून समजावे.

थेंबाचा दाटपणा पाहण्यासाठी काळ्या पाटीवर तो टाकून तिरका करावा. सायीसारखा हळू ओघळला तर ठीक. पाण्यासारखा धावला आणि पाटी खालून दिसू लागली तर तो नर बाजूला काढावा. हा अंदाजच आहे, मोजमाप नव्हे, पण दहा नरांतील तीन निवडण्यासाठी तो पुरतो.

तिसरी तपासणी : विश्रांती आणि संख्या

माझ्या तीन बिघडलेल्या हंगामांचे मूळ येथे निघाले. माझ्याकडे मादी पुरेशा होत्या आणि चांगले नर मोजके होते, म्हणून कर्नाटकी बेंदराच्या सुमारास वापरलेलेच नर मी बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा इंजेक्शन देऊन कुंडात सोडत असे. द्रव येत होता, त्यामुळे संशय आला नाही. संप्रेरकाच्या इंजेक्शनामुळे मिल्टमधील पाण्याचे प्रमाण वाढते. द्रव भरपूर आला म्हणजे शुक्राणू भरपूर आले, असे नसते. एकदा वापरलेल्या नराला त्याच हंगामात पुन्हा घ्यायचेच असेल, तर चांगला आहार देऊन किमान दीड-दोन महिने सोडावेत. आपल्याकडील आखूड हंगामात याचा व्यावहारिक अर्थ असा की पठारी भागात एक नर एकदाच वापरावा.

वापरलेले नर वेगळ्या तळ्यात सोडावेत, आणि तेवढी सोय नसेल तर शेपटीच्या परावर लहानशी खाच देऊन खूण करावी. खूण नसलेल्या तळ्यात जाळे टाकल्यावर पुन्हा तोच नर हाती लागतो, कारण वापरलेले, थकलेले नर जाळ्यातून निसटत नाहीत.

संख्येचा हिशेब वजनावर करावा. कुंडात नर आणि मादी यांचे एकूण वजन किमान सारखे असावे. नर मादीपेक्षा लहान असतील तर एका मादीमागे दोन नर घ्यावेत. हंगामाच्या उत्तरार्धात मी नरांचे वजन दीडपट करतो. रोहूची एक किलोची मादी दोन लाखांच्या वर अंडी देते, आणि पातळ मिल्टची भरपाई काही प्रमाणात नर वाढवूनच होऊ शकते.

चौथी तपासणी : इंजेक्शन

ही पायरी मी थोडक्यात आटोपतो, कारण बहुतेक लोक नेमकी येथूनच सुरुवात करतात आणि येथेच अडकून पडतात. तयार संप्रेरक वापरत असल्यास मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.५ मिलिलिटर आणि नराला ०.१ ते ०.३ मिलिलिटर एकाच वेळी दिले जाते. बाटलीवरील तारीख आणि मात्रा वाचावी, आणि बाटली उन्हात किंवा पंपाच्या खोलीच्या पत्र्याखाली ठेवू नये. पीयूष ग्रंथीचा अर्क वापरत असल्यास मादीला दोन डोस आणि नराला एकच डोस असतो, व तो मादीच्या दुसऱ्या डोसच्या वेळी द्यायचा असतो. नराला मादीच्या पहिल्या डोसबरोबर टोचले, तर मादी तयार होईपर्यंत त्याचा मिल्ट पातळ झालेला असतो. थंड पाण्यात मादीला अंडी सोडण्यास जास्त तास लागतात, त्यामुळे ही चूक ऑगस्टमध्ये अधिक महागात पडते. मिल्ट कमी वाटला म्हणून नराला पुन्हा टोचू नये.

पाचवी तपासणी : दोन पाणी, एक मिल्ट

येथून पुढे सूक्ष्मदर्शक लागतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतला साधा, शंभरपट आणि चारशेपट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि ओळखीच्या विज्ञान शिक्षकांकडून तो हंगामापुरता मिळूही शकतो.

आधी कोरड्या काचपट्टीवर सुईच्या टोकाएवढा मिल्ट घेऊन, पाणी न घालता पाहावा. शुक्राणू स्थिर असायला हवेत. पाणी घातलेले नसतानाच हालचाल दिसली, तर मिल्टमध्ये मूत्र किंवा पाणी मिसळले आहे. दुसऱ्या तपासणीकडे परत जावे. स्थिर असतील तर काचपट्टी आधीच नजरेच्या टप्प्यात आणून ठेवावी, दुसऱ्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब घ्यावा, त्यात सुईच्या टोकावरचा मिल्ट ढवळावा आणि ताबडतोब पाहावे. पहिल्या दहा सेकंदांत जे दिसते तेच खरे. चांगल्या मिल्टमध्ये बहुतेक शुक्राणू एकाच वेळी वळवळताना दिसतात, उन्हात चमकणाऱ्या वाळूसारखे. घड्याळ लावून, निम्मे शुक्राणू कधी थांबले आणि जवळजवळ सर्व कधी थांबले, हे लिहावे. मिल्ट मोठ्या थेंबाने घातला तर गर्दीमुळे काहीच कळत नाही, म्हणून हे प्रत्येक नरासाठी तीनदा करावे. निम्म्याहून कमी शुक्राणू हलत असतील तो नर मी त्या हंगामातून काढून टाकतो.

आता हाच मिल्ट दोन वेगवेगळ्या पाण्यांत तपासावा: एक केंद्राच्या कुंडातील पाणी आणि दुसरे ज्याबद्दल शंका नाही असे स्वच्छ विहिरीचे पाणी, दोन्ही सारख्या तापमानाचे. दोन्हींत शुक्राणू सारखेच मंद असतील तर दोष नराचा आहे. विहिरीच्या पाण्यात ते धावत असतील आणि कुंडातील पाण्यात थांबत असतील, तर नर निर्दोष आहे आणि पाण्यात काहीतरी आहे. ही एक तपासणी माहीत नसल्यामुळे कित्येकांनी चांगले नर विकून टाकले आहेत.

पाण्यातील दोषांपैकी सर्वांत सामान्य म्हणजे कुंड धुताना वापरलेल्या ब्लीचिंग पावडरचा अंश. धुतलेले कुंड दोन दिवस उन्हात सुकवावे, पुन्हा भरून ओतून टाकावे, आणि घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुसरा दोष पहिल्या पावसाचा आहे. चिकोडी, रायबाग, गोकाकच्या ऊसपट्ट्यात मृगाच्या पहिल्या सरीबरोबर शेतातील तणनाशके आणि कीटकनाशके ओढ्याने तळ्यात येतात. त्या दिवसांत बांधावरचे नाले बंद ठेवावेत आणि पाणी गढूळ असेपर्यंत पंप लावू नये. आमच्या गावाकडे एका वर्षी नदीचे पाणी दोन दिवस काळसर आले होते, आणि त्या आठवड्यात तीन केंद्रांचे प्रजनन एकाच वेळी फसले. तिघांनीही एकमेकांना न विचारता आपापले नर बदलले होते.

सहावी तपासणी : प्रजनक तळे, आहार आणि वाण

येथवर येऊनही नर मंदच निघाले, तर उपाय या वर्षीचा राहत नाही; पुढच्या वर्षीची तयारी करावी लागते. मिल्ट तयार होतो तो हिवाळ्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत, आणि तेव्हाच बहुतेक केंद्रांवर प्रजनक तळे दुर्लक्षित असते. डिसेंबर-जानेवारीपासून शेंगपेंड आणि भाताचा कोंडा सारख्या प्रमाणात देणे ही किमान मर्यादा झाली. आहारात सुमारे पंचवीस ते तीस टक्के प्रथिने असावीत, त्यात थोडी मासळीची पूड आणि जीवनसत्त्व क व ई यांचे मिश्रण असावे. ही दोन्ही जीवनसत्त्वे शुक्राणूच्या पातळ आवरणाला खराब होण्यापासून वाचवतात. पेंड मात्र बुरशी लागलेली नसावी. स्वस्तातील जुनी पेंड घेण्याचा मोह आपल्याकडे फार आहे, आणि तिचा हिशेब जूनमध्ये चुकता होतो.

एका हेक्टरला दीड ते दोन हजार किलोपेक्षा जास्त प्रजनक मासे ठेवू नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर आणि मादी वेगळे करावेत, म्हणजे मेमधील वळवाच्या पावसात ते तळ्यातच अंडी सोडून मोकळे होत नाहीत. शेततळ्यात, ज्याला आपल्याकडे कृषी होंड म्हणतात, प्रजनक ठेवणाऱ्यांनी मेमध्ये पाणी दीड मीटरच्या खाली जाऊ देऊ नये, कारण प्लास्टिक अंथरलेले उथळ तळे फार लवकर तापते.

वयाकडेही पाहावे. दोन ते पाच वर्षांचे नर योग्य. वर्षानुवर्षे तळ्यात राहिलेला सात-आठ किलोचा कटला पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठीक असतो. शेवटी वाण. आपल्या पट्ट्यातील केंद्रे एकमेकांकडूनच प्रजनक घेतात, त्यामुळे दहा-बारा वर्षांत सर्वत्र एकाच घराण्याचे मासे झाले आहेत. काही वर्षांनी नवे रक्त आणलेच पाहिजे. भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोडे पाणी मत्स्यपालन संशोधन संस्थेने विकसित केलेला जयंती रोहू हा त्यासाठी एक चांगला पर्याय आहे, पण तो आणताना कागदपत्रे पाहूनच घ्यावा. बाजारात त्या नावाने काहीही विकले जाते.

कोठे थांबावे

वरील तपासण्या करूनही सलग दोन खेपांत फलन निम्म्याच्या खाली राहिले, तर तिसरी खेप करू नये. प्रत्येक खेपेबरोबर मादीची वर्षभराची अंडी वाया जातात. दोन्ही पाण्यांत सर्वच नरांचे शुक्राणू पूर्ण निश्चल दिसले, माशांच्या अंगावर लाल व्रण दिसले, प्रजनक मरू लागले, किंवा कुंडातील पाण्यात शुक्राणू थांबतात असे पाचव्या तपासणीत आढळूनही ब्लीचिंगचा संशय फिटला, तर घरगुती प्रयोग तेथेच थांबवावेत. माणसांसाठीची संप्रेरके नरांना टोचणे किंवा आहारात मिसळणे हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो करू नये, कारण त्याने वृषणाचे काम उलट मंदावते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर मिल्ट गोठवून ठेवण्याचे तंत्र आपल्या देशातील संशोधन संस्थांनी विकसित केले आहे, आणि हंगामाच्या मध्यावरचा चांगला मिल्ट शेवटी वापरण्यासाठी ते उपयुक्त आहे. परंतु ते प्रशिक्षित माणसांचे काम आहे, लहान केंद्राने त्यात पैसा घालू नये.

पहिला संपर्क तालुक्यातील मत्स्यव्यवसाय सहायक संचालकांच्या कार्यालयाशी करावा. अर्ज कन्नडमध्ये दिल्यास तो लवकर पुढे सरकतो, असा माझा अनुभव आहे. वहीतील तापमानाचा तक्ता मात्र कोणत्याही भाषेत समजतो आणि तो अर्जाला जोडावा. मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांकडूनही पुढचा मार्ग कळतो, आणि मोठ्या बिघाडासाठी मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयापर्यंत नमुने पाठवता येतात. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, हवा न ठेवता काठोकाठ भरून, त्याच दिवशी पोहोचवावा. नर प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंत न्यावेत आणि शक्यतो एक वापरलेला व एक न वापरलेला असे दोन्ही न्यावेत. बर्फात घातलेला मेलेला मासा नेऊ नये. त्याच्या मिल्टवरून कोणालाही काही सांगता येत नाही.